पोस्टाच्या लाल पेटीवर जाहिरातीची सजावट: तुम्हाला चालेल का?

नाशिकरोडकर

नमस्कार मंडळी,

परवा भाच्याने एक जुना फोटो पाठवला. अमेरिकेतली रस्त्यावरची पोस्टाची पेटी, पण तिला स्टार वॉर्समधल्या आर-टू-डी-टू या यंत्रमानवाचं रूप दिलेलं. २००७ च्या मार्चमध्ये तिथल्या पोस्ट खात्याने साधारण ४०० पेट्या अशा सजवल्या होत्या. सिनेमाला ३० वर्षं होत होती आणि खातं त्यावर टपाल तिकिटं काढणार होतं, त्याची ही जाहिरात. भाचा म्हणाला, "मामा, सिंहस्थ आलाच आहे. आपल्याकडच्या पेट्यांनाही असं काहीतरी करायला सांगा. लोक फोटो काढतील, पोस्ट परत लोकांच्या डोळ्यांसमोर येईल."

मला कल्पना आवडली. त्याच उत्साहात संध्याकाळी आमच्या जेल रोडच्या कोपऱ्यावरच्या पेटीकडे गेलो. रोज तिच्यासमोरून जातो, पण नीट बघितली त्या दिवशी. लाल रंग उडून विटकरी झालाय. पोटावर एका क्लासचं स्टिकर, त्याच्यावर पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर, त्याच्यावर 'रूम भाड्याने देणे आहे' चा अर्धा फाटका कागद. गळ्याला तार बांधून कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लटकवलेला, तो नेमका पत्र टाकायच्या फटीवर. टपाल काढण्याची वेळ लिहिलेली पाटी स्टिकरखाली. नखाने खरवडलं तर फक्त एक '४' दिसला.

आमच्या शेजारच्या आजी दर महिन्याला येवल्याच्या बहिणीला पोस्टकार्ड टाकतात. पन्नास पैशांच्या कार्डासाठी गेले सहा महिने त्या रिक्षा करून पोस्टात जातायत. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "अरे ती पेटी बंद झालीय ना?" पेटी बंद नाही. ती पेटी आहे हेच कळत नाही.

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. जाहिरातीसाठी पेटी सजवणं चांगलं की वाईट? परवानगी द्यायची तर कुणाला आणि कशासाठी? तुमची मतं सांगा.

---

दूरदेशी

मूळचा नाशिकच्याच द्वारका भागातला, २००६ पासून न्यू जर्सीत. त्या पेट्या मी प्रत्यक्ष पाहिल्यात, म्हणून लिहितो.

तिकडची पेटी १९७१ पासून गडद निळी. चार आखूड पाय, वर गोलसर डोकं. त्यामुळे त्या यंत्रमानवाचा आकार तिच्यावर आपसूक बसला. सुरुवातीला कुणाला पत्ताच नव्हता की हे कशासाठी. मग २८ मार्चला तिकिटं जाहीर झाली. १५ तिकिटांचा संच, प्रत्येकी ४१ सेंट, २५ मे रोजी निघाला. आवडत्या तिकिटाला मत द्यायची सोय होती. सिनेमातलं योडा हे पात्र जिंकलं आणि त्याचं स्वतंत्र तिकीट त्याच वर्षी आलं.

आमच्या ऑफिसात यावरून दोन तट पडले होते. एक वयस्क सहकारी फार चिडले होते. त्यांचं म्हणणं, सरकारी पेटीने सिनेमा कंपनीची चाकरी का करायची? दुसरी एक जण शनिवारी मुलांना मुद्दाम गाडीत घालून पेटी दाखवायला घेऊन गेली. मुलांनी आजोबांना पत्र लिहून त्यात टाकलं. त्या मुलांचं ते आयुष्यातलं पहिलं पत्र.

मीही आईला एक पत्र त्याच पेटीत टाकलं होतं. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली होती. सगळं अंग रंगवलेलं, पण ओढायचं झाकण, वेळेचा कागद, खात्याचं नाव, सगळं जिथल्या तिथे होतं. काम अडत नव्हतं. तुमच्या पेटीचा फोटो टाका ना.

---

गोदाकाठ

माझा स्पष्ट विरोध. एकदा दार उघडलं की मागून कोण कोण शिरेल सांगता येत नाही. आज तिकिटांची जाहिरात, उद्या बिल्डरची, परवा निवडणुकीची. नाशकात आधीच एक चौक मोकळा राहिलेला नाही. सीबीएसपासून शालिमारपर्यंत चालत जा आणि ज्याच्यावर काही चिकटवलेलं नाही असा एक विजेचा खांब मला दाखवा. विद्रूपीकरण रोखणारा राज्याचा कायदा १९९५ पासून आहे, तरी ही गत. पोस्टाची पेटी ही शहरातली शेवटची अशी वस्तू आहे जी आपल्याला काहीच विकत नाही. तिला तसंच राहू द्या.

---

तिकीटघर

गोदाकाठ, तळमळ पटली. पण पोस्टाने जाहिरात कधी घेतलीच नाही असं नाही. २००२ साली मेघदूत पोस्टकार्ड आलं होतं, आठवतं का? पत्त्याच्या बाजूला जाहिरात आणि किंमत २५ पैसे, म्हणजे साध्या कार्डाच्या निम्मी. माझ्या संग्रहात अशी शंभरेक कार्डं आहेत. जाहिरातदार पैसे देणार, त्यातून कार्ड स्वस्त होणार आणि ते गरिबाच्या हातात जाणार. हा व्यवहार मला स्वच्छ वाटतो. वाढदिवसाच्या फ्लेक्सने पोस्टाला काय दिलं? तारेचा ओरखडा.

दुसरं, आपण सगळे नाशिककर अमेरिकेच्या यंत्रमानवावर बोलतोय याचं मला मनापासून वाईट वाटतं. अहो, देशाची तिकिटं आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापतात! त्याआधी ती लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून यायची. १९२५ मध्ये प्रेस उभी राहू लागली आणि १९२६ पासून तिकिटं इथे निघायला लागली. १९४७ च्या नोव्हेंबरमध्ये स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट आलं, तिरंग्याचं, साडेतीन आण्यांचं, 'जय हिंद' लिहिलेलं, तेही इथलंच. १९४८ ची गांधीजींची तिकिटं मात्र स्वित्झर्लंडमध्ये छापावी लागली, कारण छायाचित्रासारखी बारीक छपाई करणारं फोटोग्राव्हूर तंत्र तेव्हा आपल्याकडे नव्हतं. चार वर्षांत ते नाशिकरोडला आलं. १९५२ चा संतकवींचा संच बघा: कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब, टागोर. या तंत्राने इथे छापलेला तो पहिला संच.

माझे वडील प्रेसमध्ये होते. तिकिटांच्या भोकांची कड ते अंगठ्याने तपासायचे. घरी पत्र आलं की आधी तिकिटावरून अंगठा फिरवायचे आणि मगच पाकीट फोडायचे. आईला त्याचा राग यायचा, कारण पत्र बहुधा तिच्या माहेरचं असायचं.

म्हणून म्हणतो, पेटी सजवायचीच असेल तर तिच्यावर तिकीट काढा. नाशिकरोडला छापलेलं तिकीट नाशिकच्या पेटीवर. पोस्टाचीच जाहिरात, पोस्टाच्याच अंगावर.

---

शेवंती

तिकीटघर, +१. अंगठ्याचं वाचून आमचे मामा आठवले, तेही नोट प्रेसला होते.

---

टपालवाला

मी खात्यातून निवृत्त. नाशिक विभागात ३१ वर्षं काढली, त्यातली सुरुवातीची काही पेट्या उघडण्यात. पेटी आतून कशी असते हे इथे बहुतेकांना माहीत नसेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कुलूप खालच्या दाराला असतं. पावसाळ्यात ते गंजतं, म्हणून किल्लीबरोबर खिशात तेलाची छोटी बाटली ठेवायचो. दार उघडायच्या आधी दोनदा टकटक करायची. आत गांधीलमाश्यांनी घर केलेलं असतं, एकदा हात सुजून आठवडाभर घरी होतो. आत पत्रांशिवाय काय काय निघतं: चॉकलेटचे कागद, बसची तिकिटं, आणि पाकिटं. हो, खिशातली पाकिटं! चोर पैसे काढून घेतो आणि रिकामं पाकीट पेटीत टाकतो. आत पॅनकार्ड, लायसन्स, लेकराचा फोटो. आम्ही ती मालकापर्यंत पोचवायचा प्रयत्न करायचो. एकदा एका माणसाला त्याच्या वारलेल्या वडिलांचा फोटो असा परत मिळाला होता. तो पोस्टात येऊन नुसता उभा राहिला, बोलताच येईना त्याला.

आता पेटीच्या आत बारकोड असतो. पेटी उघडणाऱ्याने तो मोबाइलवर स्कॅन केला की वेळेची नोंद होते. म्हणजे पेटी उघडली की नाही हे वर कळतं. ज्या पेटीत महिनोन् महिने काही पडत नाही, ती उचलली जाते. हे नीट समजून घ्या. तुमच्या शेजारच्या आजींसारखी दहा माणसं 'पेटी बंद आहे' समजून फिरकली नाहीत, तर ती पेटी खरंच बंद होईल. स्टिकरवाल्याला आपण काय केलं ते कधी कळणारसुद्धा नाही.

कायद्याचं म्हणाल तर १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्यात परवानगीशिवाय पेटीवर काही चिकटवणं, रंगवणं, डांबर फासणं याला ५० रुपयांपर्यंत दंड होता, कलम ६२. तो कायदा जाऊन २०२३ चा नवीन आला, जून २०२४ पासून लागू. पण पेटी खात्याची मालमत्ता आहे, हे काही बदललेलं नाही. काही करायचं असेल तर प्रवर डाक अधीक्षकांच्या नावाने अर्ज करा. स्टिकर काढायला कुणी अडवणार नाही. रंगाला मात्र परवानगी घ्या.

---

रंगारी_सातपूर

माझं व्हिनाईल प्रिंटिंगचं काम आहे. धंद्याच्या बाजूने बोललो तर मी हो म्हणायला पाहिजे, पण खरं ते सांगतो.

अमेरिकेतली पेटी सपाट पत्र्याची दिसते, तिच्यावर व्हिनाईल बसतं. आपली जुनी पेटी ओतीव लोखंडाची, अंगावर उठावाची अक्षरं, वर टोपीची कड. हीट गनने कितीही बसवा, खोलगट जागेत हवा राहते. नाशिकचा पाऊस दोन महिने बसला की त्यात पाणी जातं आणि आतून गंज धरतो. वरून चकचकीत, आतून पोखरलेली. गणपतीत लावलेलं दिवाळीला सालासारखं लोंबायला लागेल.

करायचंच असेल तर हाताने रंगवा. गंज घासून काढा, रेड ऑक्साइडचा हात द्या, मग ऑइल पेंटचे दोन हात. पाच-सहा वर्षं बघायला नको. उठावाच्या अक्षरांवर बारीक ब्रशने पिवळा किंवा पांढरा फिरवला तर पेटी अशी उठून दिसते की वेगळ्या सजावटीची गरजच पडत नाही. मजुरी मी घेणार नाही.

---

टेम्सकाठची

कॉलेज रोडला वाढले, आता इंग्लंडमध्ये. इथली एक गोष्ट सांगते, कारण 'लोक काय म्हणतील' याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

२०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये रॉयल मेलने ठरवलं की ब्रिटनच्या प्रत्येक सुवर्णपदक विजेत्याच्या गावातली एक लाल पेटी सोनेरी करायची. नौकानयनातल्या बेन एन्स्लीसाठी कॉर्नवॉलमधली, त्याच्या लहानपणच्या भागातली पेटी रंगवली. पण तो राहत होता लिमिंग्टनला. तिथल्या लोकांना ते इतकं लागलं की एका माणसाने स्वतःच तिथली पेटी सोनेरी करून टाकली. पोलिसांनी त्याला अटक केली! गाव त्याच्या बाजूने उभं राहिलं आणि शेवटी रॉयल मेलने ती पेटी सोनेरीच ठेवली. खेळ संपल्यावर सगळ्या परत लाल करायच्या असं आधी ठरलं होतं, तेही बदललं. लोकांनी त्या पेट्या आपल्या मानल्या होत्या.

आणि लाल रंगाबद्दल. इथल्या पेट्या आधी हिरव्या होत्या. दिसत नाहीत, लोक जाऊन धडकतात, अशा तक्रारी आल्या म्हणून १८७४ पासून त्या लाल करायला घेतल्या, दहा वर्षं लागली. म्हणजे लाल रंग हा शोभेचा नाहीच, पेटी सापडावी म्हणून आहे. पेटी सापडते की नाही, हा प्रश्न मी प्रत्येक सजावटीला विचारेन.

---

गोदाकाठ

टेम्सकाठची ताई, सोनेरी पेटी मला चालेल. त्या सजावटीत गावातल्या माणसाचा मान आहे, विकायचं काही नाही. माझा विरोध भाड्याने देण्याला आहे.

---

शाळेतल्या_बाई

मी इंदिरानगरला मराठी शाळेत शिकवते. खात्याच्या 'ढाई आखर' पत्रलेखन स्पर्धेसाठी दरवर्षी मुलांकडून पत्रं लिहून घेते. मागच्या वर्षी ठरवलं की पत्रं मी गोळा करून पोस्टात द्यायची नाहीत, मुलांना पेटीपर्यंत न्यायचं.

चौथीची ४२ मुलं. पेटीजवळ गेल्यावर पहिला प्रश्न आला, "बाई, ही कचऱ्याची आहे का?" मला उत्तर सुचेना. त्या पेटीवरही स्टिकरं होती आणि खाली कुणीतरी गुटखा थुंकलेला. एका मुलीचा हात फटीपर्यंत पोचत नव्हता, तिला उचलून घेतलं. पत्र आत पडल्याचा आवाज ऐकायला तिने पेटीला कान लावला. मग सगळ्यांना कान लावायचा होता! अर्धा तास तिथेच गेला.

आता एखाद्या पेटीवर त्यांना ओळखीचं कार्टून असतं तर ती आपणहून धावली असती, हे मी नाकारत नाही. दूरदेशींनी लिहिलेली ती शनिवारची मुलं माझ्या वर्गातलीच वाटली. पण कार्टून उतरल्यावरही ती पेटीकडे जातील का? मला वाटतं, कान लावलेली मुलगी जाईल.

माझी सूचना: मुलांना पेटी रंगवू द्या. रंगारी दादा लाल रंग देतील, बाजूला एक छोटा चौकोन मुलांचा. त्यात पिनकोड लिहू दे. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने दिला, हे मी वर्गात सांगते तेव्हा मुलं ताठ बसतात.

---

पंचवटीकर

सिंहस्थाचं निघालंय म्हणून लिहितो. १९९१ च्या सिंहस्थात मी नऊ वर्षांचा होतो. आमचे आजोबा रामकुंडाजवळ एका ओट्यावर पोस्टकार्डांचा गठ्ठा घेऊन बसायचे. यात्रेकरू बिहार, राजस्थान, कुठून कुठून आलेले. बऱ्याच जणांना लिहिता यायचं नाही. आजोबा त्यांच्यासाठी हिंदीतून लिहायचे: सुखरूप पोचलो, स्नान झालं, अमुक तारखेला निघतो. कार्डाचे पैसे घ्यायचे, लिहिण्याचे नाही. कार्डं पेटीत टाकायचं काम माझं. एका म्हाताऱ्या बाईने कार्डावर लिहायला काही सांगितलंच नाही. फक्त पत्ता सांगितला आणि म्हणाली, कोरं पाठवा, घरचे समजतील की मी जिवंत आहे.

गर्दीत ती पेटी मला लांबून दिसायची, ती लाल होती म्हणून. येत्या सिंहस्थाला प्रत्येकाच्या हातात मोबाइल असेल. पण गर्दीत चार्जिंग संपतं, फोन हरवतो, नेटवर्क जातं. पेटीवर गोदावरी काढा, काळारामाचं शिखर काढा, काहीही काढा, पण बाहेरगावच्या म्हाताऱ्या माणसाला ती पोस्टाची आहे हे लांबून कळलं पाहिजे.

---

शेवंती

पंचवटीकर, कोऱ्या कार्डाचं वाचून डोळे भरून आले.

थोडं अवांतर: डेन्मार्कमध्ये २०२५ च्या अखेरीस तिथल्या पोस्टाने पत्रं वाटणंच बंद केलं. दीड हजार पेट्या उचलल्या आणि नंतर विकायला काढल्या तर लोकांनी हौसेने विकत घेतल्या. आता त्या कुणाच्या तरी अंगणात असतील. आपल्याकडेही २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'पेट्या पण बंद' असा चुकीचा मेसेज फिरला होता आणि सगळ्यांना तो खरा वाटला.

---

दूरदेशी

इतकं सगळं वाचून एक कबूल करतो. २००७ मध्ये मी त्या पेटीचे आठ-दहा फोटो काढले. सजावट उतरल्यावर त्याच पेटीत पुन्हा पत्र टाकलं का, तर नाही. पण आईला त्या दिवशी टाकलेलं पत्र तिने जपून ठेवलं होतं. ती गेल्यावर द्वारकेच्या घरी कपाटात सापडलं, आणि पाकिटावर त्यातलं एकही खास तिकीट नाही, कारण ती तेव्हा निघायची होती.

---

नाशिकरोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आता काय काय झालं ते सांगतो.

रविवारी सकाळी मी, तिकीटघर, रंगारी दादा आणि आमच्या गल्लीतली पाच-सहा पोरं पेटीजवळ जमलो. फ्लेक्सची तार पक्कडने तोडली. स्टिकरं गरम पाण्याने भिजवली, डिंक राहिला त्याला खोबरेल तेल चोळलं आणि जुन्या एटीएम कार्डाने खरवडलं. दोन तास गेले. क्लासच्या स्टिकरखाली आणखी दोन क्लासची स्टिकरं होती. सगळ्यात खाली वेळेची पाटी निघाली. '४' च्या पुढे '३०' आहे.

रंगाला हात लावला नाही. टपालवाला काकांनी सांगितलं तसा अर्ज लिहिलाय: मूळ लाल रंग, अक्षरं पिवळी, बाजूला एक वीत चौकोन, त्यात मुलांनी काढलेलं तिकीट आणि पिनकोड. फट, कुलूप आणि पाटी मोकळी. कुठल्याही दुकानाचं, पक्षाचं, माणसाचं नाव नाही, आमचंसुद्धा नाही. अर्जाखाली ३४ सह्या आहेत. गोदाकाठ, तुमची सही पहिली आहे. आणि भाच्याला कळवलंय की चौकोनातलं पहिलं चित्र त्याने काढायचं.

अर्ज हातोहात नेऊन द्यावा असं दोघांनी सुचवलं. मी तो त्याच पेटीत टाकला, सोमवारी चार वाजता. बरोबर शेजारच्या आजींना घेऊन गेलो होतो. त्यांनी त्यांचं येवल्याचं कार्ड टाकलं आणि साडेचारची वाट बघत तिथेच पायरीवर बसल्या. चार चाळीसला सायकल आली.

कार्ड गुरुवारी येवल्याला पोचलं. बहिणीचा फोन आला होता. अर्जाचं उत्तर आलं की इथेच लिहितो.